दोष आपला की शेजाऱ्याचा?

शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला जी कामे येतात, त्यांत निवाडा करण्याचे काम सर्वांत जुने. दोन मुले समोर उभी राहतात, दोघांच्या सदऱ्यांच्या गुंड्या तुटलेल्या असतात आणि दोघेही एकच वाक्य बोलतात, "सर, आधी यानेच सुरुवात केली." या वाक्याची आम्हांला इतकी सवय झाली आहे की ते आमच्या स्वतःच्या तोंडून निघेल, आणि तेही कागदावर, सही-शिक्क्यासारख्या ठसठशीत अक्षरांत निघेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. ते कसे निघाले आणि कसे परत घ्यावे लागले, याची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत. हकीकत रेडिओची आहे; परंतु ज्या वाचकांना रेडिओत रस नाही त्यांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. घर भाड्याचे असो वा मालकीचे, शेजार सर्वांनाच असतो.

बडोद्याला रेडिओचे कौतुक जुने आहे. संस्थानी काळात या शहराचे स्वतःचे ध्वनिक्षेपण केंद्र होते आणि त्याचा अभिमान आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यात डोकावत असे. पण आज सांगावयाचे आहे ते रेडिओ ऐकणाऱ्यांविषयी नव्हे, तर रेडिओवर बोलणाऱ्यांविषयी. शासनाची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने घरात प्रक्षेपक बसविणारे आणि त्यापासून एक पैसाही न मिळविणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना 'हॅम' म्हणतात. एरवी आपण त्यांना छांदिष्ट समजतो. परंतु २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप होऊन टेलिफोन मुके झाले, तेव्हा हीच मंडळी आपापली यंत्रे घेऊन भुजला गेली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट अंदमानवर आली, तेव्हा श्रीमती भारती प्रसाद या हॅम योगायोगाने पोर्ट ब्लेअरला यंत्रांसह होत्या. त्यांच्या यंत्रावरून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली समजली. छंद कधी उपयोगी पडेल हे छांदिष्टालाही ठाऊक नसते.

आमचा एक जुना विद्यार्थी असाच हॅम आहे. शाळेत असताना हा मुलगा गणितात बरा आणि मराठीच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा, अशी आमच्या वहीत नोंद होती. आज तो चाळिशीला आला आहे आणि खिडकीबाहेर तो काय पाहत होता ते आता आम्हांला समजते. समोरच्या गच्चीवरचा अँटेना पाहत होता. त्याने व त्याच्या सात-आठ मित्रांनी मिळून शहरापासून काही कोसांवरील एका टेकडीवर एक 'रिपीटर' बसविला आहे. टेकडीचे नाव आम्ही सांगत नाही. सांगितले तर शेजारी ओळखू येईल, आणि या हकीकतीत शेजाऱ्याची बदनामी होऊ नये हाच तर मुद्दा आहे.

रिपीटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हातात धरून बोलण्याच्या यंत्राच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्या किती दूर पोहोचतील याचा ढोबळ हिशेब असा की, अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि चारांनी गुणावे. जे येईल तितके किलोमीटर. माणसाच्या तोंडाशी धरलेले यंत्र फार तर दीड मीटर उंच. म्हणजे उघड्या मैदानातही पाच किलोमीटर, आणि घरांच्या गर्दीत त्याहून पुष्कळच कमी. तेच यंत्र शंभर मीटर उंचीवर ठेवले तर चाळीस किलोमीटर, आणि चारशे मीटरच्या टेकडीवर ठेवले तर ऐंशी. म्हणून टेकडीवर असे यंत्र बसवितात की जे खालच्या माणसाचा क्षीण आवाज ऐकते आणि त्याच क्षणी तोच आवाज मोठ्या शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करते. कीर्तनात बुवांचे पद झेलून ते उंच स्वरात म्हणणारे टाळकरी असतात, तसेच हे.

पण उंची ही सर्वांनाच हवी असते. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला तो याच कारणाने. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को शहरात १९७३ साली उभारलेला सुट्रो मनोरा तर अनेक दूरचित्रवाणी व रेडिओ केंद्रांचा सामाईक वाडाच आहे. जेथे रस्ता, वीज, रखवालदार आणि विजेपासून संरक्षण यांची सोय एकदा झाली, तेथे मागाहून येणारे सगळे बिऱ्हाड करतात. आमच्या विद्यार्थ्याच्या टेकडीवरही एका एफ.एम. केंद्राचा मनोरा होता. नंतर दुसरे केंद्र आले, आणि त्यांच्या पायथ्याशी एका खोलीत या हौशी मंडळींचा रिपीटर, भाडे न देणाऱ्या पोटभाडेकरूसारखा अंग चोरून बसला.

आता या शेजारातील विषमता पाहा. एफ.एम. केंद्राची शक्ती हजारो वॅट. रिपीटर स्वतः बोलतो तो पंचवीस वॅटने. आणि त्याला जे ऐकावयाचे ते किती? एका वॅटचे शंभर कोटी भाग करावेत, त्यांतील एक भाग उचलून त्याचे पुन्हा दहा लाख भाग करावेत. त्यांतील एखादा भाग अँटेनापर्यंत आला तरी चांगल्या यंत्राला तो ऐकू येतो. नगारखान्यात टिमकीचा आवाज, अशी म्हण आपण वापरतो. येथे टिमकीही नाही, पापणी लवल्याचा आवाज आहे.

शिवाय रिपीटरला एकाच वेळी ऐकावयाचे व बोलावयाचे असते. उदाहरणादाखल, तो १४५.० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि १४५.६ वर बोलतो. अंतर अवघे ०.६. स्वतःच्याच ओरडण्याने स्वतःचे कान बधिर होऊ नयेत म्हणून ऐकणे व बोलणे यांच्यामध्ये धातूच्या सहा नळकांड्यांची मालिका बसवितात. तिला ड्युप्लेक्सर म्हणतात. प्रत्येक नळकांडे सुमारे अर्धा मीटर उंच, कारण या लहरीची लांबी दोन मीटर आणि तिचा चौथा हिस्सा तेवढाच. वरून एक दांडी आत सोडलेली असते. ती खालीवर केली की नळकांड्याचा सूर बदलतो. जलतरंगवाला वाटीतले पाणी चमच्याने कमी-अधिक करून सूर लावतो, तेच हे काम. फरक एवढाच की वाटी आपल्या सुराने वाजते आणि नळकांडे आपल्या सुराची लहर एक तर पुढे जाऊ देते, नाही तर गिळून टाकते, जशी त्याची जोडणी असेल तसे. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावून सूर उतरू नये म्हणून ती दांडी 'इन्व्हार' नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची करतात. तो उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. त्याच्या शोधाबद्दल शार्ल गियोम या शास्त्रज्ञाला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अशी तीन-तीन नळकांडी दोन्ही बाजूंना लावल्यावर स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी दहा कोटीपट किंवा त्याहूनही क्षीण होऊन पोहोचतो. तेव्हा कुठे रिपीटर बोलता बोलता ऐकू शकतो. बोलता बोलता ऐकण्यासाठी यंत्राला इतकी साधना लागते; माणसाला किती लागत असेल, ते आम्ही शिक्षक मंडळींच्या सभेत दर महिन्याला पाहतो.

आता मूळ हकीकत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री धोक्याची खूण ओलांडून शहरात शिरली, हे बडोदेकर वाचकांना सांगावयास नको. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गुरुजी व त्यांच्या पत्नी नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत. त्या सायंकाळी वीज गेली, रात्रीपर्यंत फोनच्या बॅटऱ्या संपल्या. शेजारच्या इमारतीत आमच्या विद्यार्थ्याचा एक हॅम मित्र होता. त्याने हातातल्या यंत्रावरून रिपीटरमार्फत निरोप दिला की अमुक सोसायटीत मकान क्रमांक त्रेवीस, दोन वृद्ध माणसे, नाव पाठवा. परंतु तो बोलू लागला की त्याच्या आवाजावर एक तुटक, घुसमटलेली खरखर चढे. तीत मध्येच गाण्याचा तुकडा, मध्येच जाहिरातीचा. ऐकणाऱ्याने 'त्रेसठ' ऐकले. नाव सोसायटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी यांनी ती रात्र जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून काढली, आणि सहावी पायरी पाण्यात होती. सकाळी ती दोघे सुखरूप बाहेर आली, हे परमेश्वराची कृपा. पण आम्ही भेटावयास गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो, नावेचा दिवा दिसला होता हो. आम्ही हाकाही मारल्या. तो दिवा वळून गेला." ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या मनातून तर मुळीच गेले नाही. तो घरी आला आणि म्हणाला, "सर, ही खरखर दुसरे एफ.एम. केंद्र टेकडीवर आल्यापासूनची आहे. त्यांचे यंत्र घाण ओकते आहे. एक पत्र लिहून द्या, कडक." आम्ही मराठीचे एम.ए.; कडक पत्र लिहिण्याची संधी आम्हांला क्वचित मिळते. आम्ही लिहिले. त्यात 'बेजबाबदारपणा' हा शब्द दोनदा आणि 'माणुसकी' हा शब्द तीनदा आला होता, आणि जिन्याच्या पायरीचाही उल्लेख होता. ते इंग्रजीत व गुजरातीत करून त्या केंद्राच्या अभियंत्यांकडे आणि त्यांच्या वरिष्ठांकडे रवाना झाले.

पत्र गेल्यावर तपास सुरू झाला. हा क्रमच चुकीचा, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आमच्या लक्षात उशिरा आले.

पहिली परीक्षा सोपी होती. रिपीटरचे बोलणे बंद करून नुसते ऐकणे चालू ठेवले. खरखर नाहीशी झाली! म्हणजे शेजारी एकटा ती करीत नव्हता. आपण बोलू लागलो की ती उद्भवत होती. याचे गणित विद्यार्थ्याने आम्हांला कागदावर मांडून दाखविले. समजा, एक केंद्र १००.० वर आहे व दुसरे १००.६ वर. दोघे आपापल्या जागी निर्दोष आहेत. पण या दोहोंत फरक नेमका ०.६ चा, आणि रिपीटरच्या बोलण्या-ऐकण्यातील फरकही ०.६ चाच. तीन लहरी कोठे तरी एकमेकींत मिसळल्या, की १४५.६ अधिक १००.० वजा १००.६, उत्तर १४५.०, म्हणजे बरोबर आपल्या कानाची जागा. तिघांपैकी कोणीही न बोललेला शब्द तिघांच्या मिश्रणातून जन्मास येतो. भाऊबंदकीच्या ज्या कहाण्या आम्ही ऐकल्या आहेत, त्यांतील अर्ध्या अशाच जन्मल्या असाव्यात.

परंतु मिश्रण होते कोठे? शेजाऱ्याच्या यंत्रात, मनोऱ्यावर, की आपल्याच कानात? याची जी परीक्षा आहे ती आम्हांला इतकी सुंदर वाटली की तिच्यासाठीच हा लेख लिहावा असे मनात आले. ऐकण्याच्या वाटेवर एक छोटीशी अडणी बसवावयाची, जी येणारे सर्व काही निम्मे करील. रेडिओवाले तिला तीन डेसिबलचे पॅड म्हणतात. आता दूरच्या माणसाचा आवाज अर्थातच निम्मा होतो. खरखर जर बाहेरून तयार होऊन येत असेल, तर तीही निम्मीच झाली पाहिजे. पण ती जर आपल्याच ग्राहकात तयार होत असेल, तर तिला जन्म देणाऱ्या तिन्ही लहरी निम्म्या झाल्यामुळे तिचा जोर निम्म्याचा निम्मा आणि त्याचाही निम्मा, म्हणजे एक अष्टमांश राहतो. आवाज निम्म्यावर आणि गोंगाट एक अष्टमांशावर आला, तर समजावे की दोष आपला.

एका रविवारी रात्री आम्हीही टेकडीवर गेलो होतो. खाली शहरातून एक मित्र क्षीण शक्तीने आकडे बोलत होता आणि खोलीत आम्ही खरखरीतून ते वेचीत होतो. विद्यार्थ्याने ती बोटाएवढी अडणी वाटेत जोडली आणि खरखर जवळजवळ विझली. आकडे मात्र ऐकू येत राहिले. एक, चार, नऊ, दोन. खोलीत कोणी बोलले नाही. बऱ्याच वेळाने विद्यार्थी म्हणाला, "सर, पत्र तर गेले."

कारण शोधावयास वेळ लागला नाही. वर्गणी तोकडी होती म्हणून मंडळींनी जो ड्युप्लेक्सर घेतला होता, तो केवळ स्वतःचा आवाज अडविणारा होता. इतरांना तो मोकळी वाट देई. त्यापुढे, अधिक दूरचे ऐकू यावे या लोभाने, एक आवाज वाढविणारे उपकरण जोडले होते. ते क्षीण हाक वाढवी, तसेच शेजारच्या हजारो वॅटनाही आत ओढून घेई आणि स्वतः गुदमरे. आणि ही गोष्ट दोन वर्षे कोणाला समजली का नाही? एक तर जवळचे सभासद जोरात ऐकू येत. या पद्धतीच्या रेडिओत जो जोरात बोलतो त्याचाच आवाज टिकतो व दुसरा दबतो, त्यामुळे खरखर हरत असे. ती जिंकत असे फक्त दुबळ्या आवाजावर. म्हणजे ज्याला गरज त्याच्यावरच. दुसरे असे की, खरखरीने रिपीटर आपोआप सुरू होऊन बडबडत राहतो असे एकदा दिसले होते. त्यावर उपाय म्हणून मंडळींनी सांकेतिक सुराची अट घातली होती. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर एक मंद, कानाला न जाणवणारा सूर असेल तरच रिपीटरने तोंड उघडावे. त्यामुळे बडबड थांबली आणि सर्वांना रोग बरा झाल्यासारखे वाटले. वस्तुतः दाराला कुलूप लागले होते. घरातला धूर तसाच होता. शाळेत शांतता पसरली म्हणजे अभ्यास चालू आहे असे समजणाऱ्या मुख्याध्यापकाला हे पटावयास हरकत नाही.

उपाय साधा ठरला. ते लोभाचे उपकरण काढले, आणि ऐकण्याच्या वाटेवर एक असे नळकांडे लावले की जे फक्त १४५ च्या आसपासचे आत सोडील. एफ.एम. केंद्रे तेथून चाळीस-पंचेचाळीस मेगाहर्ट्झ दूर. ती सहज बाहेर राहिली. यंत्राची श्रवणशक्ती कागदावर किंचित घटली, प्रत्यक्षात वाढली.

राहिले पत्र. टपालाने क्षमा मागावी, असे काहींचे मत पडले. आम्ही म्हटले, मुलांना आम्ही समोर उभे राहून माफी मागावयास लावतो. आपणही तसेच जावे. गेलो. त्या केंद्राचे अभियंते आमच्याच वयाचे गुजराती गृहस्थ. आमचे पत्र त्यांच्या मेजावर होते आणि त्यातील 'बेजबाबदारपणा' या शब्दाखाली लाल रेघ होती. ती त्यांच्या वरिष्ठांनी मारली होती. आम्ही सर्व हकीकत सांगितली, अडणीची परीक्षाही सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तरसाहेब, चा पीशो?" चहा आला. मग ते म्हणाले की त्या पत्राचे उत्तर देण्यासाठी त्यांनी तीन रात्री आपले यंत्र तपासले होते आणि त्यात काही सापडले नव्हते. आमच्या एका परिच्छेदाची किंमत एका माणसाच्या तीन रात्री. दुसरे पत्र आम्ही तेथेच बसून, त्यांच्या वरिष्ठांच्या नावे, स्वतःच्या हाताने लिहिले. त्यात विशेषणे नव्हती.

हकीकत येथे संपती तर तिचे सार 'दोष नेहमी आपलाच असतो' असे सोपे झाले असते. ते खरे नाही. त्यानंतरच्या थंडीत रिपीटरवर निराळाच त्रास सुरू झाला. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. नुसता तेलात पाणी पडल्यासारखा चरचराट, आणि तो आपले बोलणे बंद ठेवले तरी चालूच. अडणी लावली, तर आवाज निम्मा आणि चरचराटही निम्माच. म्हणजे तो बाहेरून, नेमक्या आपल्याच जागेवर येत होता. येथे रेडिओशास्त्रातील एक कठोर नियम लक्षात ठेवावा लागतो. परक्या जागेवरचा गोंगाट आपल्याला गाळून टाकता येतो. पण जो गोंगाट आपल्याच जागेवर येऊन बसतो, त्याला आपल्या दारातली कोणतीही गाळणी अडवू शकत नाही, कारण त्याला अडवावे तर आपल्या माणसाची हाकही अडते. त्याचा उपाय उगमापाशीच करावा लागतो, आणि उगम दुसऱ्याच्या घरात असतो.

या वेळी पत्र लिहिले नाही. विद्यार्थ्याने फोन केला आणि मोजलेले आकडे तेवढे सांगितले. त्या अभियंत्यांनी मध्यरात्रीच्या दुरुस्तीच्या वेळी दहा मिनिटे आपले प्रक्षेपण थांबविले. चरचराट थांबला. चालू केले, पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर चढणाऱ्या जाड केबलीचा एक सैल झालेला जोड सापडला. त्यात ठिणग्या पडत होत्या आणि आतला धातू काळा पडला होता. तो आणखी काही दिवस तसाच राहता तर केबल जळून केंद्र बंद पडले असते, असे ते म्हणाले. पोटभाडेकरूच्या तीक्ष्ण कानाने घरमालकाची आग वाचविली. पहिल्या पत्रानंतर माफी मागावयास गेलो नसतो, तर ती दहा मिनिटे आम्हांला कोणी दिली असती?

आणि तिसरा प्रकारही राहिला होता, ज्यात दोष कोणाचाच नव्हता. उन्हाळ्यात, दुपारच्या वाऱ्यात, तीच जुनी गाण्यांची खरखर फार बारीक होऊन परत येई. अवकाळी पावसाची सर पडून गेली की बंद होई. अडणीची परीक्षा सांगे की ती कानात नाही, बाहेर आहे. शेजाऱ्यांची यंत्रे निर्दोष होती. शोधता शोधता मनोऱ्यावर एक जुनी, वापरात नसलेली लोखंडी पकड सापडली. कोणे एके काळी तेथे बिऱ्हाड करून गेलेल्या कोणाची तरी. तिच्या गंजलेल्या जोडात लहरी मिसळत होत्या. गंज हा विजेला एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी वाट देतो; त्यामुळे गंजलेला बोल्टसुद्धा नकळत लहरी मिसळणारे यंत्र बनतो. त्या पकडीचा मालक कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. दोन्ही केंद्रांची माणसे व हौशी मंडळी यांनी एक रविवार ठरविला, मनोऱ्यावर चढण्याचा अनुभव असलेल्या माणसाने ती उतरविली, बाकीच्यांनी कुंपणाच्या गंजक्या तारा बदलल्या, सैल जोड आवळले. दुपारी टेकडीवरच पंगत झाली. आमच्या घरून पुरणपोळ्या गेल्या होत्या, त्यांच्याकडून उंधियू.

गेल्या वर्षभरात आम्ही या तीन प्रकारांचा वारंवार विचार केला. जो त्रास आपल्याच कानात जन्मतो, त्यासाठी आपल्या दारात गाळणी बसवावी. जो शेजाऱ्याच्या घरी जन्मतो, त्यासाठी शेजाऱ्याकडे जावे, पण आकडे घेऊन, विशेषणे घेऊन नव्हे. जो कोणाचाच नाही, तो सर्वांनी मिळून उचलावा. आणि यांपैकी कोणता हे ठरविण्यापूर्वी अडणी लावून पाहावी. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या परभाषी शेजारात राहणारी माणसे. आपल्या क्षीण आवाजाभोवतीच्या गोंगाटाची तक्रार आपणही पुष्कळदा करतो. ती तक्रार खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. प्रथम स्वतःकडे येणारे थोडे निम्मे करून ऐकावे, इतकेच.

आता आमच्या कार्यालयात दोन मुले गुंड्या तुटून उभी राहिली, की आम्ही दोघांनाही पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर गप्प बसवितो. पाच मिनिटांनी ज्याचा राग निम्मा झालेला असतो त्याचे म्हणणे आम्ही गंभीरपणे ऐकतो. ज्याचा राग एक अष्टमांश उरलेला असतो, तो बहुधा स्वतःच मान खाली घालतो.

गुरुजी आता मुलाकडे वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या विद्यार्थ्याने त्यांना एक नियम ऐकविला, जो त्या पुरानंतर हौशी मंडळींनी स्वतःला घालून घेतला आहे. आकडा कधी जोडून बोलावयाचा नाही. त्रेवीस म्हणावयाचे नाही, 'दोन, तीन' म्हणावयाचे, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावयाचा. गुरुजी मिस्कीलपणे हसले आणि म्हणाले, "अरे, पाढे पाठ करताना मी तुम्हांला हेच सांगत होतो. परत म्हणून दाखवा."